एका पानात मावेल असं

सोलेनने फाइलच्या माथ्यावरची ती एक ओळ पुसली, रातो या आपल्या अवजाराला पुन्हा कामाला लावलं आणि पडद्यावर उतरलेला नवा कोड चालवून पाहिला. वेळ तेवढाच लागला. गार झालेल्या कॉफीचा घोट घेऊन तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तरी तेवढाच. आपल्या मशीनवर मागे दुसरं काही चालू असेल, अशी मनाची समजूत घालून ती शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर जाऊन बसली. तिथेही तेच.

दुपारी तिची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा होती. खालच्या सभागृहात खुर्च्या लावून झाल्या होत्या. परीक्षेनंतरच्या खाण्यापिण्यासाठी तिचे बाबा ब्रिटनीहून अख्खा देश आडवा कापत कालवांच्या टोपल्या घेऊन आले होते आणि आता वाहनतळावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचा वास घ्यायला लावत होते. परीक्षकांपैकी दोघांनी प्रबंध वाचून केव्हाच पसंतीचा अहवाल पाठवला होता. अशा दिवशी माणसाने आरशासमोर उभं राहून भाषण घोकावं. ही सकाळपासून एक ओळ पुसत आणि लिहीत बसली होती.

फ्रेंचमध्ये रातो म्हणजे दाताळं. बाबा ओहोटीच्या वेळी चिखलातली कालवं ओढायला जे दाताळं वापरत, त्यावरून तिने आपल्या अवजाराला हे नाव दिलं होतं. त्याला काम सांगायचं, त्याने लूप लिहून द्यायचे. आकड्यांच्या कुठल्या खान्यामागून कुठला खाना घ्यायचा, कुठलं गणित आधी उरकायचं, ही डोकेफोड माणसाने करायची नाही. रातो एका खान्याला दोनदा हात लावत नसे आणि एकही खाना सोडत नसे, हे तिने कागदावर सिद्ध केलं होतं. पण त्याची खरी करामत वेगळी होती. पावलोपावली ‘हे आहे का, ते आहे का’ विचारणाऱ्या तपासण्यांनी कोड रखडतो. रातोला सुरुवातीलाच एखाद्या गोष्टीची हमी दिली, की तिच्याबद्दल विचारणाऱ्या सगळ्या तपासण्या तो उपटून टाकी. हमी खरी की खोटी हे तो बघत नसे, आणि ते त्याचं कामही नव्हतं.

आता पुसलेली ओळ म्हणजे अशीच एक हमी होती. नदीवरची पाणी मोजणारी ठाणी आठापेक्षा कमी कधीच नसतील, एवढंच त्या ओळीत म्हटलं होतं.

फेब्रुवारीत पूर आला, वीज गेली आणि अकरापैकी चार ठाणी गप्प झाली. ठाणी आठाखाली गेली तर काय, हे विचारणारी तपासणी पूर-अंदाजाच्या कोडमध्ये उरलीच नव्हती. त्यामुळे यादीच्या टोकाला असलेल्या वाल्डमाट गावाचा आकडा कोणी बदललाच नाही. वरच्या गावांचे आकडे चढत होते, वाल्डमाट दुपारभर जिथल्या तिथे. शांत आकड्याकडे संशयाने कोण बघतं? कसलाही इशारा न मिळता पाणी तिथल्या खालच्या आळीत शिरलं, तेव्हा मादाम लुत्झ नावाच्या निवृत्त शिक्षिका तळघरातल्या मुरंब्याच्या बरण्या वर आणत होत्या. त्या जिन्यावरून पडल्या. कंबरेचं हाड मोडलं आणि त्या अजून इस्पितळात होत्या. पुन्हा चालतील की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते.

दार न वाजवता थिबो आत आला. त्याच्या हातात तिचं इस्त्री केलेलं जाकीट होतं. दोघं तीन वर्षं एकत्र राहत होते आणि तो पूर-अंदाजाच्या कार्यालयात कामाला होता. निदान सोमवारपर्यंत तरी होता.

“हे दारामागेच टांगलेलं होतं,” तो म्हणाला. “डॉक्टरीणबाई स्वेटरवरच जाणार होत्या वाटतं.”

“थिबो, तुमच्या कार्यालयाच्या ओस्टरबाईंनी काही कळवलं?”

“सोमवारी सांगतील. आज येतायत इथे, परीक्षकांच्या रांगेत पाहुण्या म्हणून. तुला माहीतच आहे.” त्याने जाकीट खुर्चीच्या पाठीवर घातलं आणि त्याचे खांदे सारखे केले. “मला ड्यूटीवरून काढून कागद हलवायला बसवणार, दुसरं काय. ओळ मी घातली, असं मी लिहून दिलंय. स्वतःच्या अक्कलहुशारीने, कोणाला न विचारता. ती नसती तर अंदाज वेळेवर निघाले नसते, हेही लिहिलंय. म्हणजे झोपेत नाही घातली, वेगासाठी घातली. माणसाला तेवढी तरी इज्जत हवी ना?”

“कोणाला न विचारता, हे खोटं आहे.”

“सोलेन, तिथे जाऊन वेड्यासारखं काही बोलू नकोस. रातोचा काय दोष? त्याला खोटं सांगितलं गेलं, बस्स.” त्याची नजर पडद्यावर गेली. “आज पण तेच चाळत बसलीयस?”

तिने पडदा बंद केला. सांगायचं तर हीच वेळ होती. तिने उठून जाकीट अंगात चढवलं. थिबोने तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि तो बाबांना टोपल्या उचलायला मदत करायला गेला.

दर रविवारी तो इस्पितळात मादाम लुत्झकडे जाई, शब्दकोड्यांची वही घेऊन. एकदा ती बरोबर गेली होती. बाईंनी दोघांना बिस्किटं दिली आणि थिबोला म्हणाल्या, “तू नाही रे बाबा, नदीने पाडलं मला.” सोलेन खिडकीपाशी उभी राहून पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली होती.

ती ओळ कशी आली, ते तिला लख्ख आठवत होतं. मागच्या शरद ऋतूतला शनिवार. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणासाठी तिला जिवंत उदाहरण हवं होतं. थिबोने हौसेने आपला पूर-अंदाजाचा कोड दिला आणि रातोने तो कितीतरी पटींनी वेगवान करून दाखवला. दोघांनी आनंदाने टेबल बडवलं होतं. मग तिने तो कोड प्रबंधातल्या चित्रासाठी पानावर घेतला. तो पानात मावेना. शेपूट पुढच्या पानावर लोंबत होतं. अक्षर बारीक केलं तर वाचता येईना. तेव्हा तिने विचारलं होतं, “ठाणी आठापेक्षा कमी कधी होतात?” तोंडात सफरचंदाचा केक कोंबलेला थिबो म्हणाला, “अकरा आहेत. कमी कशाला होतील?” “मग ही हमी देऊन टाक.” “त्याने वेळ वाचतो?” त्याने विचारलं. ती पानाकडे बघत होती. “वाचतो की,” ती म्हणाली. तिने मोजलं नव्हतं. तपासणीच्या ओळी गळाल्या, कोड नेमका पानात बसला आणि सुंदर दिसला. सोमवारी थिबोने तोच कार्यालयात चढवला.

सभागृहाच्या दारात तिचे मार्गदर्शक मस्यू गिलमो तिची वाट बघत होते. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

“पुराचा प्रश्न निघेल. एका वाक्यात संपव. अवजार बरोबर आहे, हमी चुकीची होती. ते खरंही आहे.”

“हो, खरं आहे.”

“मग असा चेहरा कशाला? लोकांना वाटेल तुला मी छळलं.”

भाषण तिने पाठ असल्यासारखं केलं. शेवटच्या रांगेत बाबा गावाकडच्या लग्नात घालायचा कोट घालून बसले होते आणि अवाक्षर कळत नसताना प्रत्येक आकृतीला मान डोलावत होते. शेजारी थिबो. पाचव्या प्रकरणातलं चित्र पडद्यावर आलं, तेव्हा पॅरिसहून आलेले अध्यक्ष लाफार्ज चष्मा कपाळावर चढवून पुढे झुकले.

“हे राहू द्या पडद्यावर,” ते म्हणाले. “वाहवा. हा भिंतीवर टांगावा असा कोड आहे.”

सभागृहात हलकं हसू पसरलं. मग मादाम ओस्टर यांची पाळी आली. त्यांच्यापुढे एकही कागद नव्हता.

“मादमोआझेल, मी गणितातली नाही, म्हणून साधंच विचारते. आमच्या एका माणसाने कोणाला न विचारता, आपल्या मनाने तुमच्या अवजाराला एक हमी दिली, असं त्याने लेखी दिलंय. ती खोटी ठरली. म्हणजे चूक अवजाराची नाही, हमी देणाऱ्याची. असंच ना?”

“असंच,” सोलेन म्हणाली. “चूक हमी देणाऱ्याची.”

गिलमो खुर्चीत मागे टेकले. थिबोने दुरून अगदी थोडी मान हलवली, झालं, सुटलीस, अशा अर्थाने. याला पुढे रोज सकाळी कॉफी करून द्यायची आणि हा रोज आपल्याकडे असंच बघणार, हे तिला सहन होणार नव्हतं.

“ती हमी मी दिली,” ती म्हणाली. “टाइप त्याने केली. त्याने मला विचारलं होतं, याने वेळ वाचतो का. मी हो म्हटलं. मी मोजलं नव्हतं.”

गिलमोंच्या हातातलं पेन थांबलं. मादाम ओस्टरनी आवाज चढवला नाही.

“आणि वाचतो का?”

“नाही. आज सकाळी मोजलं. ओळीशिवायही तेवढाच वेळ लागतो.”

“मग ती ओळ होती कशासाठी?”

सोलेनने मागे वळून पडद्यावरच्या चित्राकडे पाहिलं. ते खरोखरच सुंदर होतं. एकही शब्द जास्तीचा नव्हता.

“चित्र एका पानात मावत नव्हतं,” ती म्हणाली.

लाफार्जनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ पुसला. मग ते म्हणाले की परीक्षक आता विचारविनिमयासाठी आत जातील. सगळे उठले. मादाम ओस्टर जाता जाता तिच्यापाशी थांबल्या आणि पडद्यावरचं चित्र एकदा नीट न्याहाळून आत गेल्या.

बाहेरच्या मार्गिकेत लांब टेबलावर कागद अंथरून बाबांनी कालवं फोडायला घेतली होती. थिबो त्यांच्या शेजारी उभा होता. डाव्या हाताला फडकं गुंडाळून तोही एकेक कालव सुरीने उघडत होता आणि ताटात नीट गोल मांडत होता. सोलेन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली.

“छान बोललीस हं, पोरी,” बाबा म्हणाले. “ते म्हातारेबुवा तर चष्माच पुसायला लागले.”

थिबोने मान वर केली नाही. त्याची सुरी एका शिंपल्याच्या फटीत अडकली होती. ती त्याने हळूहळू फिरवून मोकळी केली.

“पुढच्या पानावर किती ओळी जात होत्या?” त्याने विचारलं.

“थिबो, मी सकाळीच—”

“किती?”

“चार.”

त्याने ते कालव ताटात ठेवलं. इतरांच्या गोलात बसेना म्हणून जरासं सरकवलं. त्याने हातावरचं फडकं सोडलं, सुरी स्वच्छ पुसली आणि मुठीची बाजू पुढे करून बाबांच्या हातात दिली. खुर्चीवरचा कोट उचलून तो जिन्याकडे गेला. त्याची पावलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली.

“कुठे निघाला हा? लिंबं आणायला?” बाबांनी विचारलं. त्यांनी सबंध ताटाकडे एकदा बघितलं आणि त्यातली मोठी मोठी कालवं वेचून वेगळ्या बशीत काढायला सुरुवात केली. “लोक आले की फडशा पाडतील. त्याच्या वाटणीची बाजूला ठेवतो.”

आतून दार उघडलं आणि गिलमोंनी तिला नावाने हाक मारली.

“ठेवा,” सोलेन म्हणाली.