दवनीवाड्याच्या पोरींचा एप्रन

मित्रांनो, मी एक जुना एप्रन आहे. पण स्वयंपाकघर मी कधी पाहिलेलं नाही. माझ्यावर बाईच्या पोटातली रचना शिवलेली आहे. मधोमध गुलाबी कापडाचं गर्भाशय, दोन्हीकडे नळ्या आणि त्यांच्याजवळ कापूस भरलेले इवले बीजांडकोश.

दवनीवाड्याच्या मंदाबाई ब्लाउज शिवतात. उरलेल्या कापडांतून त्यांनी मला घडवलं, ते त्यांच्या मुलीसाठी. कॉलेजात शिकणारी ही मुलगी, हर्षा, एका आरोग्य शिबिराला जाऊन आली आणि तिने गावातल्या मुलींचा गट जमवला. पाळी का येते, हे ती मला पोटावर बांधून समजावायची. मुली आधी ओढणीआड हसायच्या, मग पुढे सरकायच्या. आपल्या आत एवढं काही चाललेलं असतं, हे कळताना त्यांचे डोळे किती मोठे व्हायचे!

एका दुपारी समाजमंदिरात गट बसला असताना शेजारच्या अनुसयाबाई तरातरा आत आल्या. पाच लेकरांची आई, धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, साऱ्या गावाच्या पुढे.

"काऊन वं हर्षा, हे काय लावून राहिली? पोरीच्या जातीनं असं दाखवतेत काय? बंद कर!"

मला ओढून काढायला त्यांनी हात घातला. बोटं गर्भाशयावर पडली आणि तिथेच थांबली.

"हे काय होय?"

"पिशवी होय, काकू. लेकरू याच्यात वाढते."

"येवढीशी? माहे पाच लेकरं येवढ्याशा पिशवीत मावले?"

"हो, काकू. लेकरासंग पिशवीबी वाढते. मंग पुन्हा लहान होते."

अनुसयाबाई तिथेच खाली बसल्या. त्या गुलाबी कापडावरून त्यांचा खरखरीत हात हळूहळू फिरत राहिला. मित्रांनो, मी थरारून गेलो. मी तर नुसत्या चिंध्या! पण माझ्यावर त्यांना स्वतःची थोरवी दिसत होती.

मग त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "हे खाली सरकलं तं काय होते, वं? माहं अंग बाहेर येऊन राहिलं. लय वर्षं झाले. कोणाले सांगू?"

 हर्षा त्यांच्याजवळ खाली बसली.

"मले नाही माहीत, काकू. डॉक्टरीणबाईले विचारू. मी येतो संगं."

अनुसयाबाईंचा नवरा मुन्नालाल मात्र अडून बसला. "रोवणी होऊ दे, मंग पाहू."

तेव्हा सगळ्या मुली त्याच्या अंगणात उभ्या राहिल्या. हर्षाच्या झोळ्यातून मी ऐकत होतो.

"काका, तुमच्या बांधीत रोवा आमी लावतो. काकूले आज जाऊ द्या."

मुन्नालालने मान खाली घातली. मग गाडी काढली.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशय जागेवरून सरकलंय, पण इलाज आहे. ऑपरेशन झालं. इकडे गावात गुडघाभर चिखलात रोपं लावून मुलींनी भाताची सारी बांधी हिरवी केली. त्यांच्या ओळी वाकड्या होत्या. पण मुन्नालाल येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्या दाखवायचा.

बऱ्या झाल्यावर अनुसयाबाईंनी गावातल्या बाया जमवल्या आणि मला स्वतःच्या पोटावर बांधलं. "माही पिशवी खाली सरकली होती," त्या खणखणीत म्हणाल्या, "कोणाची सरकली असन तं लाजू नका." मागच्या रांगेतून एक हात वर गेला. मग आणखी एक.

आता माझ्या शिलाया उसवल्या आहेत. मित्रांनो, मला टाके घालाल ना? आणि तुमची आई कंबर धरून बसली, तर तिला नक्की विचारा, "आई, काय होतंय?"