टिक्या आणि खोटे दहा हजार

मी टिक्या बोलतोय. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर चालते व्हा. तेवढीच तुमची चार पावलं होतील.

मी पावलं मोजतो. कंबरेला अडकवायचं, मुठीत मावेल एवढं गोल यंत्र. आत एक स्प्रिंग, स्प्रिंगला टांगलेला लोखंडी गोळा आणि आकड्यांची पाच चाकं. माणूस पाऊल टाकतो, गोळा हिसका खातो, टिक, आकडा एकानं पुढे. शिक्षण म्हणाल तर शून्य ते नऊ, संपलं. पुढचं येत नाही, शिकायची हौसही नाही. माझ्यात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो. मला हिसका कळतो, पाय कळत नाही. कुणी हातात धरून हलवलं तरी मी टिक म्हणणार. मला बनवणाऱ्याला वाटलं असेल, इतका रिकामटेकडा माणूस जगात कोण असणार? त्याला माणसांची पारख नव्हती.

माझा पहिला मालक रस्ते खात्यात मोजणीदार होता. बोलायचा कमी, चालायचा फार. सकाळी खिळ्याच्या टोकानं मला शून्यावर आणायचा, पट्ट्याला अडकवायचा आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे ढुंकून बघायचा नाही. खडी, डांबर, ऊन, चिखल. वीस हजार, बावीस हजार. घरी आला की आकडा बघून नुसतं "हं" म्हणायचा. कुणाला सांगत सुटायचा नाही. चालणं हे त्याचं काम होतं, पराक्रम नव्हता.

तो गेला आणि त्याच्या लेकानं मला खणात टाकलं. शेजारी संपलेले सेल, किल्ली हरवलेलं कुलूप आणि काडी मोडलेला एक चष्मा. एकोणीस वर्षं काढली त्या खणात. चष्मा रोज म्हणायचा, उद्या मला दुरुस्तीला नेणार आहेत. मूर्ख कुठला.

मग ती साथ आली आणि शहर बंद झालं. एरवी वेळ नाही, वेळ नाही म्हणून बोंबलणाऱ्या माणसांना वेळ मिळाला. त्याचं काय केलं, तर झोपले.

आता लेकाची ओळख करून देतो. वय अठ्ठेचाळीस, वजन चौऱ्याण्णव किलो, आणि घरात नाव छोट्या. थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. पाळण्यात शोभलं असेल. कामानं कारकून. त्याचं हापिस आता जेवणाच्या टेबलावर आलं होतं, म्हणजे हापिस आणि जेवण यांत उठायचेही कष्ट उरले नव्हते. बायको औषधांच्या दुकानात कामाला. ते दुकान उघडं असायचं, त्यामुळे ती सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. दिवसभर घरात छोट्या एकटा.

बहीण, म्हणजे ताई, शिवणकाम करते. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन चार-चार तास पडून राहायचं, मशीननं रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी येऊन पुन्हा शिवणाच्या मशीनवर बसायचं. छोट्याची किडनी तिला जुळत होती. छोट्या एका दमात देतो म्हणाला. देतो म्हणायला पाय लागत नाहीत.

साथीमुळे ऑपरेशन चार महिने पुढे गेलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "तोवर आठ किलो उतरवा. तुमची साखर काठावर आहे, या वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही. ताटात निम्मं घ्या आणि रोज दहा हजार पावलं. घरात चाला, जिन्यात चाला, कुठेही चाला."

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. "छोट्या, रोज मला आकडा सांगायचा."

"सांगतो की."

"सांगतो की नाही. रोज. बाबांचं यंत्र असेल बघ खणात."

असा मी बाहेर आलो. चष्मा म्हणाला, माझंही सांग तिथे. मी नाही सांगितलं.

पहिले चार दिवस छोट्या खरंच चालला. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून बाल्कनीच्या कठड्यापर्यंत सतरा पावलं. वळायचं, परत सतरा. पण चालण्यापेक्षा थाटच जास्त. पायात खेळाचे बूट, गळ्यात टॉवेल, कानात गाणी, पाण्याची बाटली. बायको दारातून म्हणाली, "अहो, ओट्यापर्यंतच जाताय ना? की मी डबा भरून देऊ?"

पाचव्या दिवशी सहा हजारांवर तो खुर्चीत बसला. हात सहज माझ्यावर आपटला. टिक. त्यानं माझ्याकडे बघितलं. पुन्हा हलवलं. टिक, टिक. मग दाराकडे बघितलं, घरात कुणी नसताना. माणूस चोर होताना मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. फार काही लागत नाही. एक खुर्ची पुरते.

त्यानंतर सात आठवडे या गृहस्थानं मला हलवलं. कॉम्प्युटरवर साहेबांशी बोलताना टेबलाखाली एक हात माझ्यावर. चहा पिताना हलवलं, बातम्या बघताना हलवलं, एकदा तर संडासात हलवलं. तेवढ्या कष्टात हा खरा चालला असता तर उजवा दंड बैलासारखा झाला त्याऐवजी पोट तरी उतरलं असतं. वर अक्कल कशी चालवायची बघा. नेमका दहा हजार आकडा खोटा वाटतो, म्हणून दहा हजार चारशे बारावर थांबायचा. आणि सगळ्यात कहर म्हणजे, स्वतःच मारलेली थाप त्याला स्वतःला पटायची. आज अकरा हजार झाले, असं म्हणून तो दुसऱ्यांदा ताट वाढून घ्यायचा!

संध्याकाळी ताई विचारायची, "किती?"

"दहा हजार चारशे बारा."

"शाबास रे माझ्या राजा. आज दोनदा सुई टोचली मेल्यांनी, हात काळानिळा झालाय. पण तुझा आकडा ऐकला की बरं वाटतं."

"हं," हा म्हणायचा. बापाचा "हं" मी वर्षानुवर्षं ऐकलाय. हा तो नव्हे.

मग हापिसानं आठवड्यातून एक दिवस पाळीनं यायला सांगितलं आणि पँट कंबरेला लागेना. बटण आणि काज यांच्यात दोन बोटांचं अंतर. आता त्याच्या बायकोचं बघा. बिचारी रोज आकडे ऐकत होती. इतका चालणारा माणूस जाड कसा होईल? तिनं ठरवलं, कापड आखडलं. पँट पिशवीत घातली, चिठ्ठी लिहिली, "ताई, धुऊन आखडली आहे, कंबर दीड इंच सैल करून द्या," आणि दुकानात जाता जाता ताईच्या दाराशी ठेवून आली. घरी येऊन सांगितलं तेव्हा छोट्याचा घास तोंडातच राहिला.

ताई तीन दिवस काही बोलली नाही. रोज आकडा विचारला. यानंही निलाजऱ्यासारखा रोज सांगितला. चौथ्या दिवशी पिशवी परत आली. चिठ्ठी बायकोनं मोठ्यानं वाचली.

"हे कापड आखडत नाही. मी स्वतः शिवलंय. कंबर दोन इंच आत घेतली आहे आणि आतलं जादा कापड कापून टाकलंय. आता ही कुणाच्या बापाला सैल करता येणार नाही. ऑपरेशनला येताना हीच घालून यायची."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या कंबरेवरून मला काढून घेतलं आणि एकदा हलवलं. टिक.

"असं होय," ती म्हणाली. मला त्याच्या हातात ठेवलं आणि आत निघून गेली. त्या रात्रीचं ताट तिनं त्याला वाढलं नाही आणि त्यानं मागितलंही नाही.

पण जेवणाआधी ताईचा फोन आला होता. "किती?"

तिकडे शिवणाचं मशीन चालू होतं.

"शून्य," तो म्हणाला.

मशीन थांबलं. "आणि काल?"

"कालही."

मला वाटलं, आता शिव्या घालेल. रडेल. मी असतो तर दोन्ही केलं असतं. ती म्हणाली, "नऊ आठवडे उरलेत. उद्या फोन करते," आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी छोट्या चालला. टॉवेल नाही, गाणी नाही. खिशात शर्टाची बटणं घेतली, शंभर पावलं झाली की एक बटण दुसऱ्या खिशात. घर संपलं की जिना, जिना संपला की गच्ची. दहा हजार पुरे झाले आणि मी दाखवलं चार हजार नऊशे.

कारण सरळ आहे. सात आठवडे हलवून हलवून त्यानं माझी स्प्रिंग सैल केली होती. आता दोन पावलं टाकली की मी एकदा टिक म्हणायचो, कधी तेही नाही. हा खोटं बोलत होता तेव्हा मी धडधाकट. खरं चालला तेव्हा मी निकामी. त्यानं बटणं मोजली, मला मोजलं आणि सगळं समजला.

फोनवर म्हणाला, "चार हजार नऊशे."

"एवढंच?"

"एवढंच."

"वाढव."

"वाढवतो."

यंत्र बिघडलंय, असं सांगता आलं असतं. सात आठवडे थापा मारलेल्या माणसानं ते कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगितलं नाही. त्याऐवजी माझ्यावर दहा हजार येईपर्यंत चालायचं ठरवलं. म्हणजे वीस हजारांच्या वर. पहाटे पाचला सुरू, मध्ये हापिस, संध्याकाळी पुन्हा. टाचेला फोड आले, बायको मलम लावायची, बोलायची मात्र नाही. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "पुरे आता, बसा थोडं." सहाव्या आठवड्यात माझ्यावर दहा हजार आले. खिशातल्या बटणांप्रमाणे बावीस हजार झाले होते. त्यानं आकडा बघितला आणि "हं" म्हणाला.

मी एकोणीस वर्षं न ऐकलेला.

डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर शहाऐंशीच्या वर दोनशे ग्रॅम भरले. "बूट काढा," बाई म्हणाल्या. बूट काढल्यावर भागलं. पँटचं बटण लागलं होतं, श्वास रोखून का होईना.

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी ताईला उठवलं. ती म्हणाली, "बाबांचं यंत्र दे इकडे." दवाखान्याच्या झग्याच्या नाडीला मला अडकवलं. सलाईनचा खांब धरून ती बाहेरच्या लांब बोळात चालली. छोट्या कुशीला हात लावून भिंतीशी उभा. परत आली, मला बघितलं.

"पाचच?"

"अकरा टाकलीस, ताई. मी मोजली."

"मग हा पाच का म्हणतो?"

छोट्या खाली बघत म्हणाला, "मी बिघडवलाय. खोट्या दहा हजारांसाठी. हलवून."

ती शिंपीण आहे, हिशोब तिला चटकन येतो. "म्हणजे तू मला चार हजार नऊशे सांगितलंस तेव्हा..."

"दहा झाले होते."

"गाढवा!" ती हसायला लागली आणि पोट धरलं. "हसवू नकोस, टाके ओढतात. अरे, सांगायचं नाही होय?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं," ती म्हणाली.

आता मी ताईच्या मशीनच्या खणात असतो, बॉबिन आणि खडूबरोबर. रोज सकाळी ती मला लावते, पावलं स्वतः तोंडानं मोजते आणि मग माझं किती चुकलं ते बघून मला चार शब्द सुनावते. दुरुस्तीला नेईन म्हणते. मला त्या चष्म्याची आठवण येते.

तुम्हाला एवढंच सांगतो. मला हातात घेऊ नका. कंबरेला लावा आणि विसरून जा. आणि एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. त्या बोळात ती पाच म्हणाली, तिचा चेहरा पडला, तेव्हा जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी मला सहा हिसके द्यावेत.

छोट्या शेजारीच उभा होता. त्यानं हात लावला नाही.