फळ्याचा गुळगुळीत भाग

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि माझी हकिकत मला मान वर करून सांगता येत नाही. खिळ्याला टांगलेला आहे म्हणून वर दिसतो, एवढंच.

एका सुताराने मला घडवलं. चार फळ्या जोडल्या, सांध्यांच्या फटींत लांबी भरली, काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि म्हणाला, "हा पोरांना पुरून उरेल." उरलोच! शाळेत मी वीस वर्षं काढली. दर मोठ्या सुट्टीत मला नवा रंग मिळायचा. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, "काय सुरेख फळा आहे! शेवटच्या बाकावरूनही वाचता येतं." तेव्हा माझी छाती जी फुगली ती फुगलीच. तिथेच माझं चुकलं.

पुढे शाळेत पांढरे फळे आले आणि मला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत टांगलं. तिथे रंग कोण देणार? ओल्या फडक्याने पुसून पुसून माझा उजवीकडचा भाग गुळगुळीत झाला. खडू तिथे नीट उमटायचाच नाही, नुसता घसरायचा. खरं सांगू? मला ते बरं वाटायचं. बाकीच्या अंगावर तो मेला कुरकुरायचा, तिथे कसं गुदगुल्या झाल्यासारखं!

त्या खोलीत दर रविवारी सकाळी शेअर बाजाराचा नवशिक्यांचा वर्ग भरू लागला. शिकवायला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत. काका घसा फोडून सांगायचे, माझ्यावर लिहायचेही, "शेअर म्हणजे लॉटरीचं तिकीट नव्हे. कंपनीतला छोटासा वाटा आहे तो. आधी धंदा बघा, कंपनीच्या डोक्यावरचं कर्ज बघा, भाव सगळ्यात शेवटी. आणि वर्षभरात लागणारा पैसा इथे आणायचाच नाही!" वर्ग सुटला तरी ते मला पुसत नसत. उशिरा आलेल्यांना उतरवून घेता यावं म्हणून.

सगळ्यात उशिरा यायच्या इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या वहिनी. रविवारी सकाळी गिऱ्हाइकांची कपडे न्यायला झुंबड, त्या तरी काय करणार? पदराला घाम पुसत यायच्या आणि माझ्यावरचं अक्षर न् अक्षर वहीत उतरवायच्या.

एका रविवारी काकांनी उदाहरण घेतलं. पंखे बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव लिहिलं. डावीकडे मांडलं, "शंभराला घेतला, चढून एकशेचाळीस झाला तर." उजवीकडे मांडलं, "पडून साठ झाला तर." त्याच्याच खाली लिहिलं, "हे फक्त उदाहरण, घेऊ नका." उजवीकडचं सगळं त्या गुळगुळीत भागावर आलं. काका खिडकीच्या बाजूला उभे, त्यांना तिथून अक्षर दिसत होतं. समोरचे लोक काकांचं बोलणं ऐकत होते, त्यांचं काही अडलं नाही.

वहिनी आल्या तेव्हा काका गेले होते. त्यांनी डावीकडचं सगळं उतरवलं आणि तिथूनच मुलीला फोन लावला. "अगं, आज काकांनी कंपनीचं नाव, भाव, सगळं काढून दिलंय. तुझ्या फीचे पैसे अजून तीन महिने नुसतेच पडून राहणार. लावते. तुझ्या होस्टेलचंही भागेल त्यात."

मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. त्या फीसाठी वहिनींनी चार वर्षं इस्त्री फिरवली होती. फळ्याला वाचा नसते म्हणाल, कबूल. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ठाऊक आहे? किती विश्वासाने उतरवून घेतात माझ्यावरचं! लाज वाटते हो सांगायला.

भाव पडला. फीची तारीख आली तेव्हा वहिनींनी निम्म्या पैशांत शेअर विकले. प्रवेश गेला.

तीन रविवार त्या आल्या नाहीत. चौथ्या रविवारी मुलीला घेऊन आल्या आणि वही काकांच्या पुढे धरली. "काका, तुमचंच ऐकून घेतला होता."

काका गोंधळले. "वहिनी, मी तर घेऊ नका म्हणून लिहिलं होतं! पडला तर काय, तेही लिहिलं होतं!"

"कुठे?"

काकांनी बोट दाखवलं आणि त्याच जागी खडूने पुन्हा लिहिलं. मुलगी उठून माझ्याजवळ आली. समोरून पाहिलं, मग खिडकीच्या बाजूने मान तिरकी करून पाहिलं. "आई, आहे गं. पण असं वाकल्याशिवाय दिसतच नाही."

काकांनी समोर येऊन पाहिलं. "चूक माझी आहे," ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "नाही हो. लागणारा पैसा आणू नका, हे तर माझ्या वहीत ठळक लिहिलंय. मीच विचारायला हवं होतं." दोघंही आपापल्या माथी दोष घेत होती. माझं नाव कुणीच घेतलं नाही, मित्रांनो. तेच मला जास्त लागलं.

आता ती मुलगी दिवसभर दुकानात इस्त्री करते आणि रविवारी वर्गाला पहिली येते. काकांचं वाक्य संपायच्या आत विचारते, "आणि पडला तर?" तुम्हीही विचारत जा. समोर लिहिलेलं अर्धंच असू शकतं, लिहिणारा कितीही भला असला तरी.

आणि एक विनंती आहे. तुमच्या शाळेत, वाचनालयात माझ्यासारखा कुणी टांगलेला असेल, तर त्याला वेळेवर रंग द्या. नसेल जमत तर खाली उतरवा, आम्हाला वाईट वाटणार नाही. डबाभर रंगाचं काम होतं हो. गेलं ते त्या मुलीचं वर्ष.