राणीची चाल

संघमित्रा परीक्षा देऊन आली आणि दुसऱ्या दिवशी काहीच न घडल्यासारखी वर्गात हजर झाली. आल्या आल्या बारक्या पोरींना ओळीत लावू लागली. मी विचारलं, "काय झालं?"

"नाही झालं, मॅडम."

"काहून?"

"असंच."

असंच म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं मी बालाघाटात कुचिपुडी शिकवतेय. धानाच्या गोदामावरचा हॉल, जिना चढेपर्यंत नाकात भुसा. हे नुसतं नाचणं नाही, हे अख्खं नाटक आहे, यात राजा असतो, राणी असते, भांडण असतं, हे आईबापांना समजावता समजावता माझा घसा बसला. त्यांना गॅदरिंगसाठी तीन मिनिटांचं फिल्मी गाणं बसवून हवं असतं. पोरी येतात, कोचिंग लागलं की जातात. विद्यापीठाच्या नृत्याच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत पोचलेली ही एकटी. हिचा नंबर लागला असता तर मी स्वतःला म्हणणार होते, झालं बाई, आता बसलीस तरी चालेल. खरंच थकलेय मी.

थकण्याचं एक कारण उजवा गुडघा. दोन वर्षांपासून त्यावर भार टाकला की कळ मस्तकात जाते. हे कोणाला सांगितलेलं नाही. नाच शिकवणारीचा गुडघा गेला म्हटल्यावर उरल्यासुरल्या चौदा पोरीही गेल्या असत्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही, अशी माझी समजूत होती.

दोन दिवसांनी संध्याकाळी वर्ग चालू असताना संघमित्राचे वडील आले. नागसेन भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला आहेत. ड्यूटीवरून सरळ आले होते, बुटांवर काळी धूळ, म्हणून दारातच थांबले. मी उठून दारापर्यंत गेले.

"मॅडम, एक विचारू का? पोरीच्या उजव्या पायाले इथं काही झालतं का? पडलीगिडली होती?"

"नाही तर. काहून?"

"परीक्षेत तिथल्या सरनं विचारलं म्हने, बेटी, घुटने में तकलीफ है क्या. हिनं हौ म्हटलं. दो साल से है म्हने. त्यायनं सांगतलं, पहले इलाज कराओ, अगले साल आना. काल सुट्टी टाकून एक्सरे काढला. डॉक्टर म्हनते, एकदम नॉर्मल आहे. मंग ही खोटं काहून बोलली?"

हे मला नवीनच होतं. संघमित्राला बोलावलं. ती खाली मान घालून उभी राहिली. मी म्हटलं, "राणीचा प्रवेश कर. तिथं केला तसाच."

आमच्या नाटकात पात्र पडद्यामागून येतं. दोघी दोन्हीकडून पडदा धरतात, आधी फक्त पाऊल दिसतं, मग पाठ, मग चेहरा. तोंडातून शब्द निघायच्या आत चालीवरून कळलं पाहिजे कोण आलंय ते. ही राणी मानी आहे, नवऱ्यावर रुसलेली. संघमित्रानं प्रवेश केला. मी डोळ्यांत तेल घालून पाहिला. मला कुठेही चूक दिसली नाही. उजवं पाऊल नुसतं टेकवायचं, झटकन उचलायचं, कंबर किंचित बाहेर काढायची, हा ठसका तर तिनं न सांगता उचलला होता. मी सगळ्यांना दाखवायची, बघा, राणी असावी तर अशी.

"कुठं दुखते?"

"दुखत नाही."

नागसेन दारातून पाहत होते. पोरीचं नाचणं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. हळूच म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. ही तुमच्यासारखी चालते."

"चालणारच. शिष्या आहे माझी."

"तसं नाही. आता तुम्ही खुर्चीपासून दारापर्यंत आल्या ना, तशी. आमच्या खाणीत कोनाच्या पायावर गोटा पडला का तो मानूस अस्साच चालते. दुखरा पाय टेकवते अन् लगेच उचलते."

मला राग आला. खाणीतला माणूस मला चाल शिकवणार? मी तोऱ्यातच चौदाही पोरींना उभं केलं, संघमित्राला पुढे ठेवलं आणि स्वतः खुर्चीवर बसून काठीनं ताल धरला.

वर्गात आरसा नाही. माझे गुरू राव मास्तर म्हणायचे, आरशात बघणारा स्वतःलाच बघत राहतो, पात्र विसरतो. बघायचं तर माझ्याकडे बघा. मोबाईलसुद्धा मी बाहेर ठेवायला लावते. म्हणजे इतकी वर्षं या पोरींसमोर बघायला एकच गोष्ट होती, माझे पाय.

चौदा राण्या आल्या. चौदाही उजव्या पायानं लंगडत होत्या. सात वर्षांची मयुरी सगळ्यांत छान लंगडत होती.

मी काठी थांबवली. पोरींना पाणी प्यायला खाली पाठवलं.

"तुले माहीत होतं?" मी संघमित्राला विचारलं.

"हौ. मागच्या साली मम्मीनं घरी व्हिडिओ काढलता. तवा दिसलं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्हीच तर म्हनत होत्या, तेच सगळ्यात चांगलं आहे म्हनून. परीक्षेत सीधा टाकून पाह्यला मी पाय. नाही जमलं. पाय ऐकूनच नाही राह्यला, मॅडम."

"अन् दुखते असं काहून सांगतलं?"

"मंग काय सांगू? मॅडमनं असंच शिकवलं, असं म्हनू?"

एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पोरीचं वर्ष गेलं होतं, माझ्या फुकाच्या अभिमानापायी. आणि माझं नाव झाकायला कोणी आपलं वर्ष घालवलं, याचं त्या लाजेतही थोडं बरं वाटलं. हेही कबूल करते.

मी नागसेनना म्हटलं, "हिला गोंदियाला न्या. तिथं एक बाई शिकवतात. तरुण आहेत, गुडघे शाबूत आहेत. वर्षभरात पाय सरळ होईल."

"मी नाही जात," संघमित्रा म्हणाली.

का नाही जात, ते मला ठाऊक होतं. मास्तरांच्या घराण्यात पहिले घुंगरू गुरू बांधतो, आणि त्यानं स्वतःच्या हातानं सोडल्याशिवाय शिष्य दुसऱ्यापुढे उभा राहत नाही. माझे घुंगरू सोडायच्या आत मास्तर गेले. मी त्यानंतर कोणाकडे काही शिकले नाही. जे होतं तेच बावीस वर्षं वाटत राहिले, शेवटी गुडघासुद्धा.

घुंगरू सोडताना गुरू खाली बसतो. मला बसता येणार नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली, मांडीवर हात ठेवून म्हटलं, "इथं पाय ठेव."

"मॅडम, नाही."

"ठेव."

"तुमच्या मांडीवर पाय? पाप लागन मले."

नागसेनही दारातून एक पाऊल आत आले, बूट विसरून. "मॅडम, ती स्वतः सोडून देईन."

"ती नाही सोडायची. मीच सोडायचे असतात." मी तिच्याकडे पाहिलं. "माझा गुडघा गेला आहे, संघमित्रा. दोन वर्षं झाली. मला खाली बसता येत नाही."

हे मी पहिल्यांदाच कोणापुढे बोलले. ती रडायला लागली आणि रडत रडतच तिनं उजवा पाय माझ्या मांडीवर टेकवला. नुसती बोटं, भार सगळा वरच धरलेला.

"पूर्ण टाक," मी म्हटलं. "मला लागत नाही."

तिनं माझ्या खांद्याला धरलं आणि पाऊल पूर्ण टेकवलं. या वेळी तिनं तो झटकन उचलला नाही. मी गाठ सोडायला घेतली.