टकळीचा आवाज

काचेच्या कारखान्यात भट्टी कधी विझत नाही, म्हणून तपासनीसाच्या नशिबी सलग पाच वर्षं रात्रपाळी आली. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या दिव्यासमोर निरखायच्या आणि केसाएवढी तड दिसली तरी ती बाटली बाजूला काढायची. सकाळी घरी येऊन झोपायचं. झोपायचं म्हणजे पडदे ओढून पडायचं; डोळ्याला डोळा लागला तर नशीब.

त्याच्यासाठी बायकोनं सगळं घर मुकं केलं होतं. बेलच्या बटणावर चिकटपट्टी, खुर्च्यांच्या पायांना चिंध्या, कुकर तो यायच्या आत उरकलेला. तरी चमचा वाजला की महाशय ताडकन उठून बसत. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. जेवणावर वासना नाही, तासन्‌तास भिंतीकडे बघत बसणं. "मला आता काहीच नकोसं झालंय," असं तो एकदा शांतपणे म्हणाला, तेव्हा बायको हादरली.

मुलीला लाडानं टकळी म्हणत, कारण बोलायला लागली ती थांबायचं नावच घेईना. सहा वर्षांची असताना एका दुपारी ती शाळेतली कविता घोकत होती. तो खोलीतून वसकन तिच्या अंगावर आला. "तुझा आवाज ऐकला की माझं डोकं फुटतं. कळतंय?"

तिला कळलं. पोरांना असलं बरोब्बर कळतं.

शेवटी बायकोनं त्याला कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. "स्वभाव नाही बिघडलेला तुमचा, झोप बिघडलीय," बाई म्हणाल्या. "मन त्यातच पोखरलंय." त्यांच्या चिठ्ठीवर दिवसपाळी मिळाली. चार-सहा महिन्यांत माणूस ढाराढूर झोपू लागला, जेवणाला नावं ठेवण्याइतका बरा झाला. बेलवरची चिकटपट्टी त्यानं स्वतः नखानं खरवडून काढली.

टकळी मात्र घरात कुजबुजतच राहिली. "मोठ्यानं बोल की गं," म्हटलं की आधी खोलीच्या दाराकडे बघायची. त्यानं तिची माफीही मागितली. "असू दे बाबा," ती म्हणाली, तेही कुजबुजत. बाटलीतली तड लांबून ओळखणाऱ्या त्याला घरातली वेळेवर दिसली नाही, याची त्याला फार लाज वाटे.

एका रविवारी जेवणानंतर त्याचा डोळा लागला आणि जाग आली ती कवितेनं. खाली अंगणात टकळी पायरीवर उभी राहून, हातवारे करत, मैत्रिणींना तीच कविता खणखणीत म्हणून दाखवत होती. आवाज गेला नव्हता तर. तो हरखून खिडकीत धावला.

तिनं वर पाहिलं. ओळ अर्ध्यातच तुटली. ओठांवर बोट ठेवून तिनं मैत्रिणींना गप्प केलं.

"अगं म्हण ना, छान म्हणतेस."

"झाली होती संपत, बाबा." तिच्या ओठांवरूनच त्याला ते कळलं.

तो मागे सरला. पडदा ओढून खिडकीखाली जमिनीवर बसला, पाय न हलवता. बऱ्याच वेळानं, बाबा पुन्हा झोपले अशी खात्री झाल्यावर, कविता पहिल्यापासून सुरू झाली.