बारा मिनिटांची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. देवळातली नव्हे की शाळेतली नव्हे, साधी सायकलची. सायकल केव्हाच भंगारात गेली, मी मात्र एका लाकडी ठोकळ्यावर ठाण मांडून बसले आहे. आवाज खणखणीत आणि स्वभाव तोंडाळ. आयुष्यात एकदाच मी गप्प बसले, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

माझी पहिली नोकरी मोरोगोरोच्या डोंगरउतारावर. सिफाएली नावाच्या मुलाचे वडील सायकलवर केळ्यांचे घड लादून बाजाराला उतरायचे. ब्रेक नावालाच होते, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर. मी वाजले की शेळ्या, बायाबापड्या, पाद्री, गावचा मुखिया, सगळे मुकाट्याने बाजूला व्हायचे. "ब्रेक गेले तरी चालेल, घंटी राहू दे," असं म्हातारा म्हणायचा आणि मी फुगून जायची.

पुढे सायकल गंजली. सिफाएली तोवर पीएच.डी.ला लागला होता, घरातला पहिलाच. त्याने पान्याने मला सोडवलं आणि विद्यापीठात नेलं. तिथे बघते तर जो तो आपापल्या खोलीत एकटा. लिहिलेली प्रकरणं मार्गदर्शकांच्या टेबलावर चार-चार महिने पडून. चूक झाली तर सांगणार कोण? मग सिफाएली आणि मलावीहून आलेला चिसोमो यांनी ठरवलं, आपणच एकमेकांचं ऐकायचं. बियाण्यांचं एक रिकामं कोठार मागून घेतलं आणि दर शुक्रवारी दुपारी तिथे जमू लागले. पगार नाही, मान नाही. एकाने झाडायचं, एकाने चहा उकळायचा, एकाने अध्यक्ष व्हायचं, आणि पुढच्या शुक्रवारी कामं बदलायची. युगांडा, बुरुंडीकडची मुलंसुद्धा येऊ लागली. नियम एकच, बोलायला बारा मिनिटं. मग मी.

"अध्यक्ष कुणीही असो, राज्य हिचंच!" चिसोमो म्हणायचा.

एका शुक्रवारी म्वानाइदीची पाळी होती. ही लिंडीकडची मुलगी, तिळाच्या दोन वाणांची तुलना करत होती. सोमवारी तिला परीक्षक समितीपुढे उभं राहायचं होतं, म्हणून आधी इथे बोलून चुका काढून घ्यायच्या होत्या. अध्यक्ष सिफाएली. तेवढ्यात त्याचे गुरू प्रोफेसर लुहेंडे आत आले. कोठाराची किल्ली त्यांच्याच शब्दावर मिळालेली, आणि सिफाएलीच्या प्रबंधावर सहीसुद्धा त्यांचीच लागणार. "दोनच शब्द बोलतो," म्हणाले आणि सुरू झाले.

बारा मिनिटं झाली, तीस झाली. सिफाएलीचा घामेजलेला अंगठा माझ्या खटक्यावर होता, पण तो काही दाबेना. मी आतल्या आत तडफडत होते. सर तासभर बोलले. लोक वर्गांना पांगले आणि म्वानाइदीने आपले कागद गुंडाळून पिशवीत घातले.

सोमवारी समितीने तिला परत पाठवलं. एक वाण ओढ्याकाठच्या ओल्या रानात पेरलेलं, दुसरं कोरड्या माळावर. तुलना व्हायची कशी? आता दोन्ही एकाच रानात पुन्हा पेरायची, म्हणजे अख्खं वर्ष गेलं.

ती तडक कोठारात आली. "ही घंटी ठेवलीय कशाला? शोभेला?"

"अगं, गुरू आहेत ते माझे. त्यांना थांबवू कसा?"

"तुझ्या वडिलांच्या सायकलपुढे मुखिया आला तर काय करायचे ते?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर कोठार ओस पडत चाललं. "मोठं कुणी आलं की आपलं बोलणं राहणारच, तर यायचं कशाला?" असं मुलं म्हणू लागली. पण म्वानाइदीने कंबर कसली. दर शुक्रवारी सकाळी ती खोल्याखोल्यांची दारं ठोठावायची. "चल ऊठ, चहा मी केलाय. आज तुझं ऐकायचंय." वर्षभर ती शेतात तीळ राखत होती आणि इकडे माणसं जमवत होती. पाचाची पुन्हा पंचवीस झाली.

वर्ष सरलं. सोमवारी पुन्हा समिती होती, म्हणून शुक्रवारी म्वानाइदीची पाळी. अध्यक्षपद फिरत फिरत सिफाएलीकडेच आलेलं. आणि बघता बघता दारात लुहेंडे सर! "दोनच शब्द."

चिसोमो कुजबुजला, "झालं! गेलं हिचं अजून एक वर्ष."

बारा मिनिटं झाली. सिफाएलीचा अंगठा माझ्या खटक्यावर आला. मी मनातल्या मनात ओरडले, दाब रे बाबा! तो उठला, कमरेत वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "शिकामू, म्वालिमू." म्वालिमू म्हणजे गुरुजी; शिकामू म्हणत आमच्याकडे थोरांना नमस्कार करतात, आणि थोर कितीही घाईत असले तरी उत्तर दिल्याशिवाय त्यांची सुटका नाही.

सर बोलता बोलता थांबले. "मराहाबा," त्यांच्या तोंडून ठरलेलं उत्तर निघून गेलं.

आणि त्या एका क्षणात त्याने मला वाजवलं. ट्रिंग ट्रिंग! अख्खं कोठार दणाणलं.

सरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "किती मिनिटं झाली?"

"बारा, म्वालिमू."

"साफ खोटं. चौदा झाली. नियम केलास तर नीट पाळ." आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

म्वानाइदी बोलली, पुरी बारा मिनिटं. संपल्यावर चिसोमोने विचारलं, "पाखरांनी खाल्लेलं कुठं मोजलंस?"

"मोजलंय की! वहीत आहे."

"वहीत ठेवून काय लोणचं घालायचंय? तक्त्यात घाल."

तिने दोन दिवसांत नवा तक्ता केला. सोमवारी समितीने पहिला प्रश्न पाखरांचाच विचारला. ती पास झाली.

मित्रांनो, याला बरीच वर्षं झाली. नंतरच्या मुलांनी माझं कौतुक म्हणून मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि वेळ बघायला मोबाइल आणला. कौतुकाने मी गंजले. गेल्या शुक्रवारी पाहुणे होते प्रोफेसर सिफाएली. "दोनच शब्द," म्हणाले आणि तेही सुरू झाले. मोबाइल किणकिणला, पण कुणाला ऐकूच गेला नाही. तेव्हा अध्यक्ष असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीने कपाट उघडून मला उचललं आणि खटका दाबला. मी जीव एकवटला, पण नुसती खरखरले.

तेवढी खरखर पुरली. सिफाएली वाक्य अर्धं टाकून खाली बसला. सभा संपल्यावर मात्र तो घरी गेला नाही. त्याने म्वानाइदीच्या शेतातल्या तिळाचं तेल मागवलं, मला ठोकळ्यावरून सोडवलं आणि माझ्या खटक्यात थेंब थेंब सोडत बसला.

"सर, आम्ही करतो ना," ती मुलगी संकोचून म्हणाली.

"मलाच करू दे," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मला नीट ऐकू आली पाहिजे."

म्हणून सांगते, मित्रांनो, मला कपाटात ठेवू नका. आठवड्याला तेलाचा एक थेंब द्या, आणि वेळ झाली की वाजवा. समोर कुणीही असो.