फ्रीझरचा दुसरा नंबर

लेक काय करते, असं कुणी विचारलं की आई "मानसशास्त्र शिकवते" एवढंच सांगून चहाचा कप पुढे करायची. उरलेलं सांगितलं असतं तर चहा कुणाच्या घशाखाली उतरला नसता. ही लेक, म्हणजे कॉलेजातल्या बाई, शिकवायच्या मानसशास्त्र आणि अभ्यासायच्या माणसाच्या आतड्यातले जंतू. पोटात कोण मुक्काम ठोकून आहे आणि मनाला घोर का लागतो, याचा काही संबंध आहे का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी शेकडो लोकांनी डब्यांतून आणून दिलेली विष्ठा विभागातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये दगड होऊन पडली होती. फ्रीझर बिघडला की तो आधी बाईंच्या फोनवर बोंब मारायचा, आणि त्यांनी दाद दिली नाही तर दुसऱ्या नंबरवर. नवरा लांब, म्हणून दुसरा नंबर आईचा दिलेला. आई फोन उशीखाली ठेवून विसरायची, त्यामुळे बाईही तो नंबर विसरून गेल्या होत्या.

नवरा आणि मुलगी दुसऱ्या गावी राहत होते. फोनवर मुलगी हल्ली दोन वाक्यांतच "बाबांना देते हं" म्हणायची. तिथल्या कॉलेजात बाईंना कायमची नोकरी मिळत होती आणि होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. पण विभागप्रमुख सर गोड बोलून माणूस बांधून ठेवण्यात पटाईत. "जा की, कोण अडवतंय? तेवढे नमुने संपवा," असं म्हणायचे आणि दर वर्षी नवे नमुने आणून ठेवायचे. नमुने आहेत तोवर जाणार नाही, असा शब्द बाई देऊन बसल्या होत्या. तो मोडायची धमक त्यांच्यात नव्हती, आणि सर ते पुरतं ओळखून होते.

दुपारी परीक्षेच्या हॉलमध्ये त्या एकट्याच पर्यवेक्षक होत्या. पेपर संपेपर्यंत हॉल सोडायचा नाही, हा नियम. रांगांमधून फिरताना खिशातला फोन थरथरला. त्यांनी चोरून पाहिलं. फ्रीझरचं तापमान चढत होतं.

तेवढ्यात फेरीवर निघालेले परीक्षाप्रमुख दारात डोकावले. "मॅडम, कुठे जाऊन यायचंय का? मी थांबतो इथे."

बाईंनी फोन खिशात खोल सरकवला. नमुने वितळले की काम संपलं. काम संपलं की शब्दातून मोकळ्या.

"नाही, सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या.

फोन थरथरत राहिला, मग गप्प झाला. बाईंना हलकं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. लोकांनी विश्वासाने, लाजत लाजत ते डबे हातात दिले होते. तरी मनात त्यांनी मुलीच्या शाळेजवळ घरही बघून टाकलं. उत्तरपत्रिका जमा केल्या आणि चेहरा पाडून विभागाकडे निघाल्या.

दारातच सर उभे, खुशीत. "तुमच्या आईंना मानलं बुवा. फोन आला तशा धावत आल्या. शेजारच्या विभागाचा फ्रीझर उघडायला लावला, शिपायाबरोबर सगळे डबे हलवले. एकही वितळला नाही. आता काम पूर्ण केल्याशिवाय कशा जाल तुम्ही?"

आई स्टुलावर बसली होती. बोटं गारठून लाल झालेली.

"एरवी हात लावला नसता गं असल्या डब्यांना," ती म्हणाली. "पण तुझा जीव आहे ना त्यांत."

बाईंना आईचा राग आला. इतका राग त्यांना सरांचाही कधी आला नव्हता. त्यांनी आईची बोटं हातात घेतली आणि चोळायला लागल्या. डोळे भरून आले.

"बघा, आनंदाने रडू आलं," सर म्हणाले.

फोनवर नवऱ्याचा निरोप आला, कळवलंस का? बाईंनी फोन पालथा ठेवला.

"बरं झालं आलीस," त्या आईला म्हणाल्या.